शिखर सर झालं, मिशी तयार ठेवा

तीर्थस्वरूप भाऊजींच्या चरणी, आणि त्यांच्या मिशीला अखेरचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे आपलं लिहिण्यापुरतं. सध्या माझी आठांपैकी निम्म्याहून जास्त अंगं संपावर आहेत, त्यामुळे नमस्कार खुर्चीत बसल्या बसल्या करतो आहे, तो गोड मानून घ्यावा.) ताईची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, कंबर ही काय चीज असते ते मला आता नीट समजलं आहे. तुमचा खोकला बरा असेलच. प्रकृतीही ठणठणीत असणार, कारण माझा फोन पुरता वाजायच्या आत तो कापण्याची चपळाई तुमच्यात अजून शाबूत दिसते. आम्ही परत आल्याचं ताईला कळवलं आणि तेव्हापासून तुम्ही काही फोनला सापडत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच. आपला दूधवाला तुमच्या गल्लीतही दूध घालतो आणि सध्या आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत हसतमुखाने येणारा तो एकटाच आहे, तेव्हा हे पत्र तो तुमच्या हातात देईल. घेतलं नाहीत तर मोठ्याने वाचून दाखव, असंही मी त्याला सांगून ठेवलं आहे.

तर बातमी अशी की मी चढलो. पायी चढलो, बर्फातून चढलो, आणि जिथून पुढे चढायला डोंगरच उरला नाही तिथपर्यंत चढलो. तुम्हाला आठवत नसेल (अशा गोष्टी तुम्हाला सोयीने आठवत नाहीत) म्हणून सांगतो. गेल्या खेपेला तुम्ही जेवायला आला होता, तेव्हा भात वाढून घेता घेता चारचौघांत म्हणाला होता, की हा माणूस बटण दाबून दाबून लहानाचा मोठा झाला, हा जर बर्फाच्या डोंगरावर स्वतःच्या पायांनी चढून गेला तर मी मिशी उतरवीन. ताई साक्षीला होती, माझी बायको होती, शिवाय आमच्या इमारतीचे सेक्रेटरी साखर मागायला आले होते ते दारातच थांबून सगळं ऐकत होते. आता तुम्ही मला लिफ्टच्या धंद्यात आणलंत, पाना कसा धरायचा ते शिकवलंत, तेव्हा तुमच्या शब्दाला माझ्या लेखी मोठी किंमत आहे. मिशीलाही आहे. तरुणपणापासून ती मी लिफ्टच्या खड्ड्यात खालून वर बघताना पाहत आलो आहे.

तुम्ही नुसतं बोलून थांबला असतात तरी चाललं असतं. पण निघायच्या सकाळी तुम्ही स्टँडवर आलात आणि माझ्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगाच काढून घेतलात. म्हणालात, हा माझ्याकडे राहू दे, नाहीतर अर्ध्या वाटेत तुला कुठल्या तरी लिफ्टची हाक ऐकू येईल आणि तू परत फिरशील. आता खरं सांगायचं तर समुद्रावर गेलो होतो तेव्हा दवाखान्याची लिफ्ट खरोखरच अडकली होती. हिच्या मावसबहिणीच्या घरी निघालो तेव्हा कापडाच्या दुकानाची. त्याच्या आधीची मला आठवत नाही, तिला विचारावं लागेल, तिला सगळ्या क्रमाने पाठ आहेत. पण त्या सकाळी ती नुसती बॅगेची चेन लावत राहिली. मग बस सुटल्यावर, खिडकीबाहेर बघत, एवढंच म्हणाली की या वेळी तुम्ही मागे फिरलात तर मी पुढे जाणार आहे, एकटी. रागाने म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. ती वेळापत्रक सांगावं तसं म्हणाली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तुमची फक्त मिशी पणाला लागली आहे, माझं प्रकरण जरा मोठं आहे.

तयारी आम्ही कसून केली होती. रोज संध्याकाळी मी आमच्या इमारतीचा जिना तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चढायचो, पाठीवर बॅग, बॅगेत जुन्या मोटरचे लोखंडी तुकडे. गच्चीवर पोचलो की लिफ्टने खाली, आणि पुन्हा वर. सेक्रेटरींनी एकदा विचारलं की उतरताना जिन्याने का नाही उतरत. मी त्यांना तुमचंच वाक्य ऐकवलं, की चढायला मोटर लागते, उतरायला ब्रेक पुरतो. लिफ्टवाला माणूस असाच विचार करणार. आयुष्यभर आपण लोकांना वर कसं न्यायचं याची काळजी केली, खाली काय, ते आपोआप येतात. बायको तिच्या प्रसूती विभागातली ड्यूटी संपवून दवाखान्याचे जिने चढायची आणि उतरायचीही. ते मला वेळेचा अपव्यय वाटायचं. (हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

पहिल्या दिवशी वाटाड्याने सांगितलं की हळू चाला, इथे हवा पातळ आहे, मध्येमध्ये थांबा. मी म्हटलं, दोन मजल्यांच्या मध्ये थांबणं याला आमच्या धंद्यात बिघाड म्हणतात. आणि निघालो तो सगळ्यांच्या पुढे. आमच्या टोळीत एक गृहस्थ होते, त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात उंची, थंडी, नाडी, सगळंच दिसायचं आणि ते सगळंच वाचून दाखवायचे, त्यामुळे त्यांचं नाव घड्याळवाले पडलं. त्यांना मी मागे टाकलं. दुपारपर्यंत मी तळावर होतो, आणि संध्याकाळपर्यंत तंबूत आडवा होतो, डोक्यात कुणीतरी हातोडा घेऊन बसलं होतं आणि पोटातलं जेवण वरचा मजला दाबत होतं. घड्याळवाल्यांनी माझी नाडी मोजली, आकडा पाहिला आणि पहिल्यांदाच काही वाचून न दाखवता निघून गेले. वाटाड्याने फर्मान काढलं की उद्या हे इथेच राहतील, डोकं उतरलं तर वर, नाहीतर खाली.

भाऊजी, तिथे मी घाबरलो. डोकेदुखीला नाही. दुसरा दिवसभर मी तंबूत पडून होतो आणि बायको शेजारी बसून लोकरीचे मोजे उलटेपालटे करत होती, आणि मला दिसत होतं की मी खाली गेलो तर ही वर जाईल, आणि परत येऊन मला काही म्हणणारही नाही. संध्याकाळी डोकं उतरलं. तिने माझी नाडी पाहिली, जीभ पाहिली, वाटाड्याला बोलावून दाखवली आणि मग मला म्हणाली, आता मी सांगेन तसं चालायचं. तेव्हापासून मी तिच्या हाताखाली होतो. तुम्ही तिला घरात पाहिलंत, ड्यूटीवर पाहिलं नाहीत. मी पाय उचलला की म्हणायची, श्वास घ्या. टेकवला की म्हणायची, सोडा. चढ आला की, हां, आता जोर लावा. मी थांबलो की, असं कसं, आता मध्येच थांबून चालतं का. आणि दर वळणावर, थोडंच राहिलंय. हे थोडंच राहिलंय ती गेली कित्येक वर्षं दर पाळीत शेकडो बायकांना सांगते आहे आणि ते कधीच खरं नसतं, हे मला नवरा म्हणून पक्कं ठाऊक आहे. तरी दर वेळी मी फसलो. टोळीतल्या बाकीच्यांनाही ते लागू पडायला लागलं. घड्याळवालेसुद्धा श्वास घ्या म्हटलं की घ्यायचे.

मग पूल आला. खाली पाण्याचा नुसता गदारोळ, वर दोन तारदोर, मध्ये फळ्या, आणि भाऊजी, कुठेही पाटी नाही. किती माणसं, किती वजन, काही म्हणजे काही लिहिलेलं नाही. मी सगळ्यांना थांबवलं. तारदोर पाहिला, त्याचे पकडबोल्ट पाहिले, मनातल्या मनात हिशेब केला आणि प्रत्येकाला आपापलं वजन सांगायला लावलं. इथे माझी चूक झाली हे मी मान्य करतो. एका बाईंनी जे वजन सांगितलं ते त्यांच्या शाळेतलं असावं. घड्याळवाल्यांनी दोन आकडे सांगितले, एक बूट घालून आणि एक काढून. बायको गप्प राहिली, तेव्हा वेळ वाचावा म्हणून तिचं मी सांगितलं, मोठ्याने, कारण पाण्याचा आवाज फार होता. त्यानंतर श्वास घ्यायलाही ती मला बराच वेळ सांगत नव्हती.

पण मी हटलो नाही. एकेकाला सोडलं, आणि शेवटी आपला पाना काढला. (पाना आणि ग्रीसचा डबा मी बॅगेत तळाशी, मोज्यांत गुंडाळून नेला होता. किल्ल्या तुम्ही काढून घेतल्यात, पाना कोण काढून घेणार?) सैल दिसले ते बोल्ट आवळले, कुरकुरणाऱ्या सांध्यांना ग्रीस चोपडलं, आणि पूल असा शांत केला की त्यावरून तान्हं मूल झोपेत न्यावं. वाटाड्या खूश झाला. मागून आमचं सामान घेऊन खेचरं आली, आणि पुलाच्या तोंडाशी येऊन थांबली ती थांबलीच. खेचरवाल्याने समजावलं, ओढलं, मागून ढकललं, ढिम्म. मग त्याने पुलाकडे कान दिला आणि विचारलं की आवाज कोणी घालवला. त्या जनावरांना म्हणे पूल कुरकुरला की तो तिथे आहे याची खात्री पटते. आता बोल्ट पुन्हा सैल करणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. शेवटी तोडगा असा निघाला की मी पुलाच्या मधोमध उभं राहून तोंडाने करकर आवाज काढायचा. तसा मी काढला. पहिल्या खेचराने कान टवकारले, माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं आणि पाऊल टाकलं. सगळी खेचरं पार होईपर्यंत मी करकरत होतो. पलीकडच्या काठावर बायको एका दगडावर बसली होती आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. ती तशी हसलेली मी फार दिवसांत पाहिली नव्हती. वजनाचं प्रकरण तिथेच मिटलं.

शिखराच्या खालच्या तळावर एका उंचवट्यावर फोनला जीव यायचा. सगळे तिथे रांगेने उभे राहून घरी बोलत होते. मी फोन चालू केला आणि तो लगेच वाजला. पूर्वी तुम्ही बघायचात आणि आता मी बघतो त्या मोठ्या ऑफिसच्या इमारतीचे मॅनेजर. लिफ्ट झटके देते आहे, केव्हा येता. भाऊजी, माझा हात सवयीने कमरेला गेला. तिथे जुडगा नव्हता, नुसता पट्टा होता. मागे बायको उभी होती. मी न बघताही मला कळलं की ती उभी आहे आणि तिने हातातला चहाचा पेला खाली ठेवला आहे. समोर ते शिखर, पांढरं, आणि एकदाचं इतकं जवळ. मी मॅनेजरना म्हटलं, मला जमणार नाही, तुम्ही ग्रीसवाल्याला बोलवा. होय, त्यालाच, ज्याचं खरं नाव आपण दोघंही तोंडात घेत नाही, जो तेल द्यायच्या जागी ग्रीस थापतो आणि आपली गिऱ्हाइकं पळवतो. माझ्या तोंडाने मी त्याचा नंबर दिला. ते म्हणाले, तोपर्यंत आम्ही काय करायचं? मी म्हटलं, जिना आहे ना, चढा, प्रकृतीला चांगला असतो. आणि फोन बंद केला. मागे वळलो तर बायकोने पेला उचलून माझ्या हातात दिला. चहा गार होता आणि आयुष्यात इतका चांगला चहा मी प्यायलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी निघालो आणि ऊन चढेपर्यंत माथ्यावर होतो. मधल्या हालांचं वर्णन मी करत नाही, कारण त्यातलं मला आठवतं ते फक्त श्वास घ्या आणि सोडा. अगदी शेवटच्या चढावर मी तिला विचारलं, किती राहिलं, तर ती म्हणाली, काहीच नाही. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. ती म्हणाली, वर बघा. वर नुसतं आभाळ होतं. मी त्या बर्फात मटकन बसलो. ती माझ्या शेजारी बसली, तिने हातमोजा काढून माझा हात धरला आणि रडली. मीही रडलो, आणि ते अश्रू गालावर थिजले म्हणून हसलो. खूप आनंद झाला होता, भाऊजी, इतका की तुमच्या मिशीची आठवणसुद्धा मला बऱ्याच वेळाने झाली.

आठवण झाली तशी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मी वाटाड्याला विचारलं की आता खाली कसं जायचं. त्याने माझ्या बुटांकडे बोट दाखवलं. मी आलो ती वाट पाहिली आणि माझ्या गुडघ्यांनी जागीच राजीनामा दिला. त्यांना वर जाण्याव्यतिरिक्त काहीही शिकवलेलं नव्हतं. एक पाऊल टाकलं की दुसरं विचारायचं, लिफ्ट कुठे आहे. तेव्हा मी आपल्या धंद्याची युक्ती काढली. लिफ्टच्या खड्ड्यातल्या शिडीवरून आपण कसे उतरतो? तोंड भिंतीकडे, पाठ खाली. तसाच वळलो आणि डोंगराकडे तोंड करून उतरायला लागलो. खड्ड्यात तुम्ही खालून सांगायचात, डावा पाय, अजून, टेकला. इथे खाली ती होती. डावा, मोठा दगड, जरा उजवीकडे, टेकला. मला मागचं काही दिसत नव्हतं आणि एकदाही भीती वाटली नाही. बाकी सगळे डोंगराला पाठ दाखवून उतरले. शिखर शेवटपर्यंत डोळ्यांसमोर ठेवून उतरलेला टोळीत मी एकटाच आहे, हे ताईला आवर्जून सांगा.

घरी आलो तर इमारतीच्या दारात झाडून सगळे बिऱ्हाडकरू उभे. फुलं काय, टाळ्या काय. सेक्रेटरींनी माझी बॅग स्वतःच्या पाठीवर घेतली. मंडळींचा आग्रह असा की विजयी वीराला सगळ्यांनी मिळून घरापर्यंत सोडायचं, आणि तसं त्यांनी सोडलंही. तेव्हा आता आढेवेढे नकोत. वस्तरा नवा असू द्या, आरसा समोर ठेवा, आणि उतरवलेली मिशी माझ्या वतीने ताईने डोळे भरून पाहावी. मोठ्यांना नमस्कार, लहान तुमच्याकडे कोणी नाही, म्हणून मांजराला आशीर्वाद.

आपला, आणि आता डोंगराचाही,
मेहुणा

ता.क. मंडळींनी मला घरापर्यंत सोडलं असं वर लिहिलं आहे, त्यात एक तपशील राहिला. ते सगळे माझ्याबरोबर लिफ्टमध्ये शिरले. कमाल वजनाची पाटी आपणच लावलेली आहे. मी तिच्याच खाली उभा होतो आणि हात हलवत होतो. लिफ्टने आम्हाला चौथ्या मजल्यापर्यंत आणलं, दार उघडलं, आणि नंतर तिने जो प्राण सोडला तो सोडलाच. काम क्षुल्लक आहे, गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन एक खटका वर करायचा. मशीनरूमची किल्ली तुमच्याकडच्या जुडग्यात आहे. दुसरी किल्ली मशीनरूमच्या आत खिळ्याला टांगलेली आहे, हा नियम तुमचाच. कुलूप तोडता येणार नाही, ते मीच निवडलेलं आहे. माझं म्हणाल तर गच्चीपर्यंत मी आत्ताही चढू शकतो, चढण्याचा प्रश्नच नाही. पण किल्ल्या आणायला तुमच्याकडे यायचं म्हणजे चार मजले उतरायचे, ते कसे उतरू? सेक्रेटरींनी सकाळी दारातूनच विचारलं की केव्हा चालू होणार. मी म्हटलं, जिना प्रकृतीला चांगला असतो. ते ग्रीसवाल्याला बोलावतो म्हणाले. भाऊजी, माझ्या घरच्या लिफ्टला त्याचा हात लागला तर मी त्या डोंगरावर परत जाऊन राहीन.

ता.क. दुसरा. मिशीचं राहू द्या. मिशी तुम्हाला शोभते, हे मी नेहमीच म्हणत आलो आहे. फक्त किल्ल्या घेऊन या. चार मजले जिन्याने यावं लागेल. घाई करू नका, मध्येमध्ये थांबा, खोकला आहे तुम्हाला.

ता.क. तिसरा, माझ्या हातचा. भाऊजी, यांनी पत्र वाचायला दिलं म्हणून दोन ओळी लिहिते. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, खेचरांचंसुद्धा. पण किल्ल्यांची घाई करू नका. लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदाच सलग घरात आहेत. कोणाचा फोन आला तरी उठून जाता येत नाही. काल आम्ही दोघं खिडकीत बसून चहा प्यायलो आणि तो संपेपर्यंत हे तिथेच होते. इमारतीच्या लोकांची काळजी नको. रोज ड्यूटीवरून येताना मी त्यांना जिन्यात गाठते आणि थोडंच राहिलंय म्हणून वर आणते, आता त्यांनाही गोडी लागली आहे. सेक्रेटरींना मी समजावलं आहे, ग्रीसवाला येणार नाही. पुढच्या आठवड्यात, सवडीने, ताईंना घेऊन जेवायलाच या. किल्ल्या तेव्हा आणा. आणि मिशी काढूनच या, साक्षीला मीही होते.